महाटीईटी की सीटीईटी? परीक्षेची धास्ती घेणाऱ्या मुंबईकर शिक्षकांसाठी

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला आणि इतकी वर्षं मुलांचे पेपर तपासणारे आपण स्वतःच परीक्षार्थी झालो. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल, तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. पाचहून कमी वर्षं राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती हवी तर त्यांचीही सुटका नाही. तेव्हापासून मधल्या सुट्टीत डबे उघडले की एकच विषय: राज्याची महाटीईटी द्यायची की केंद्राची सीटीईटी?

कागदावर दोघी जुळ्या बहिणी. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. प्रमाणपत्र दोन्हींचं आजन्म वैध, आणि राज्याच्या शिक्षकभरतीत सीटीईटीही चालते. तेव्हा ‘कोणती वजनदार’ हा वाद सोडून द्या. घाबरल्यावर तुम्हाला कोणत्या भाषेतलं वाचलेलं डोक्यात शिरतं, ते आधी बघा.

कारण सीटीईटीत मराठी घेता येते ती भाषेच्या विभागापुरती. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषा घेतल्या तरी पेपर एकमधले बालमानसशास्त्र, गणित आणि परिसर अभ्यासाचे ९० प्रश्न हिंदी-इंग्रजीतच येतात. ‘आपल्याला हिंदी येतं की’ असं सगळेच म्हणतात. रिक्षावाल्याशी बोलायचं हिंदी वेगळं आणि ‘निम्नलिखित में से कौन-सा कथन सही नहीं है’ हे छाती धडधडत असताना वाचायचं हिंदी वेगळं. त्यातला ‘नहीं’ नजरेतून सुटतो आणि येत असलेलं उत्तर चुकतं. महाटीईटीत मराठी माध्यमाला हेच विषय मराठीत मिळतात. डी.एड.ला मराठीतून शिकलेल्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

अभ्यासक्रमात मात्र पारडं जरा फिरतं. सीटीईटीच्या पेपर एकमध्ये गणित, परिसर अभ्यास आणि भाषा या विषयांत निम्मे प्रश्न अध्यापनपद्धतीवर असतात. मूल असं का चुकलं, शिक्षकाने पुढे काय करावं, अशा धाटणीचे. वर्गात मुरलेल्या माणसाला ते जमतात. महाटीईटीत बालभारतीची पुस्तकं कामाला येतात, पण गणितात आकडेमोड जास्त. गणित पाहूनच घाम फुटत असेल आणि इंग्रजी सहज वाचता येत असेल, तर सीटीईटी तुम्हाला सोपी जाईल. बाकीच्यांनी महाटीईटी आधी धरावी, असं माझं मत.

फक्त वेळापत्रकाकडे बघा. सीटीईटी एरवी वर्षातून दोनदा होते, २०२५ मध्ये मात्र झाली नाही. महाटीईटी २०२१ च्या नोव्हेंबरनंतर थेट २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाली, मग २३ नोव्हेंबर २०२५ ला. आधीच धास्तावलेल्या माणसाला ‘ही हुकली तर?’ हा विचार अभ्यासाला बसूच देत नाही. म्हणून महाटीईटीची तयारी करणाऱ्यांनीही सीटीईटीचा अर्ज भरून ठेवावा. पुढे आणखी एक तारीख आहे हे माहीत असलं की निम्मी धडधड तिथेच कमी होते.

क्लास की घरी अभ्यास? दादरच्या क्लासमध्ये अभ्यासक्रम पुरा होतो, सोबत मिळते. भीती मात्र तिथे नोट्स लिहून जात नाही. घड्याळ लावून पेपर सोडवल्यानेच जाते. तोही मोबाइलवर नव्हे, कारण दोन्ही परीक्षा पेन-कागदाच्या आहेत. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी ॲपवर ढीगभर सराव केला होता. अभ्यासिकेत पहिल्यांदा ओएमआरची, म्हणजे वर्तुळं रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, झेरॉक्स घेऊन बसल्या, तर एक प्रश्न सोडला आणि पुढची सगळी वर्तुळं एकेक ओळ वर सरकली. ते कळल्यावर हात असे थरथरू लागले की उरलेला पेपर वाचवेना. आता त्या दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आकडा आणि वर्तुळाचा आकडा बोट ठेवून जुळवतात. साधा उपाय आहे, पण हाताला काम मिळालं की मनही ताळ्यावर येतं.

काळजी डोक्यात फिरत राहिली की आठवायला, ताडायला जी जागा लागते तीच ती अडवते. रमिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगात, परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांना जास्त गुण पडले होते. सगळ्यांनाच उपयोग होईल असं नाही, पण खर्च एका वहीच्या पानाचा. शिवाय हिशेब ध्यानात ठेवा: खुल्या प्रवर्गातले असाल तरी साठ प्रश्न चुकून तुम्ही उत्तीर्ण होता. पहिले चार अडले म्हणून काही बिघडत नाही. आधी आपल्या हुकमी विभागापासून सुरुवात करा आणि एकही वर्तुळ रिकामं सोडू नका.

एकाच परीक्षेचे पेपर एक आणि पेपर दोन साधारण एकाच दिवशी येतात, सकाळी एक आणि दुपारी एक. गरज नसेल तर दोन्ही भरू नका. भरलेच, तर मधल्या वेळेत फाटकाबाहेर उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यापासून लांब बसून डबा खा. आणि महाटीईटी २०२४ आणि २०२५ ला रविवारीच झाली, म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक. केंद्र हार्बरवर असेल तर आदल्या दिवशी ब्लॉकच्या वेळा बघा, आणि बसने जायचा रस्ता आधीच काढून ठेवा.