४८ अंड्यांचा घरगुती इन्क्युबेटर: झाकण न उघडता शेवटचे तीन दिवस निघतात का?

पारदर्शक झाकण, त्यात पंखा आणि हीटर, तळाला पाण्याच्या दोन पन्हळी, मध्ये अंडी फिरवणारा ट्रे. प्लास्टिकची ही पेटी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, आतली बनावट जवळपास एकच. घेताना लोक किती अंडी बसतात ते विचारतात. विचारायला हवं ते हे, की १८व्या दिवसानंतर, २१व्या दिवशी पिल्लं निघेपर्यंत, झाकणाला हात न लावता ती चालवता येते का. खुडूक कोंबडी शेवटच्या दिवसांत अंड्यांवरून सहसा उठत नाही, यंत्राकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.

आधी तापमान. पंख्याच्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हवं, आणि कंट्रोलर ते नीट धरतो. पण स्क्रीनवरचा आकडा सेन्सरच्या टोकापाशी असलेल्या हवेचा असतो. कोपऱ्यातलं अंडं त्याहून अर्धा अंश थंड असू शकतं. एक साधा वेगळा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवा. त्याआधी तो कोमट पाण्यात ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी धरून पडताळून घ्या. सतत अर्धा अंश कमी राहिलं तर पिल्लं एखादा दिवस उशिरा येतात आणि मरगळलेली असतात. जास्त राहिलं तर लवकर येतात, पण बेंबी नीट मिटलेली नसते. थंडीपेक्षा उष्णता घातक: पेटी तासभर गार पडली तर बहुतेक अंडी तगतात, ४० अंशांच्या वर काही तास गेले तर तगत नाहीत. खिडकीतल्या उन्हात ही पेटी ठेवू नये ती याचसाठी.

अंडी ठेवण्याआधी पेटी २४ तास रिकामी चालवायची. इथे एक खोच आहे. दिवस मोजणारा आकडा पेटी चालू केल्यापासून धावायला लागतो, त्यामुळे अंडी ठेवताना तो शून्यावर आणायला विसरलात तर पुढचं सगळं एक दिवसाने चुकतं. मोजायची रीत सोपी: सोमवारी ठेवलेल्या अंड्यांचा पहिला दिवस मंगळवारी पुरा होतो, आणि २१वा दिवस सोमवारीच येतो.

ट्रेवर तक्रार आहे. ४८ हा आकडा लहान अंड्यांचा. मोठी अंडी रुळांमध्ये घट्ट बसतात आणि फिरण्याऐवजी घासत राहतात. ट्रे खरंच फिरतोय का हे बघायला प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली मारा आणि काही तासांनी फुली कुठे आहे ते पाहा. १८व्या दिवसाआधी फिरवणं थांबलं तर गर्भ पडद्याला चिकटतो. उभ्या कप्प्यांचा ट्रे असेल तर निमुळतं टोक खालीच हवं. उलट ठेवलेल्या अंड्यात पिल्लाचं डोकं हवेच्या पोकळीपासून लांब राहतं.

ओलाव्याचा आकडा सर्वांत अविश्वासू. ओलावा मोजणारा वेगळा मीटर आत ठेवा. तो तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका आणि मीटरसोबत हवाबंद पिशवीत ८ ते १२ तास ठेवा. ७५ टक्के दिसायला हवं. जितका फरक पडेल तितका पुढे लक्षात ठेवायचा. १८व्या दिवसापर्यंत ४५ ते ५५ टक्के पुरे, त्याला एक पन्हळ लागते. पाण्याची खोली नव्हे, पृष्ठभाग महत्त्वाचा. एकच पन्हळ काठोकाठ भरून ओलावा वाढत नाही, दुसरी भरली की वाढतो. याहून पक्का हिशेब वजनाचा: १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटायला हवं, म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं ४८ ग्रॅमच्या आसपास यावं. घट कमी असेल तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू श्वास घेण्याआधी आतल्या ओलाव्यात गुदमरतं.

७व्या दिवशी अंधारात अंडी बॅटरीच्या उजेडावर धरा. कोळ्यासारखा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या की जिवंत. नुसता पिवळा उजेड म्हणजे फोल. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेलेला, ते अंडं काढून टाका, नाहीतर सडून पेटीतच फुटेल.

आता मूळ प्रश्न. १८व्या दिवशी ट्रे काढून अंडी जाळीवर आडवी ठेवायची, दोन्ही पन्हळी भरून ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायचा. या बनावटीची जमेची बाजू इथे आहे: बाहेरच्या छिद्रातून बाटलीने पाणी घालता येतं. पाणी कोमट घाला, गार पाण्याने आतली हवा काही वेळ थंडावते. ओलावा टिकावा म्हणून हवेची भोकं मात्र बुजवू नका, पिल्लांना सर्वांत जास्त प्राणवायू याच दिवसांत लागतो. तळाची जाळी गुळगुळीत आणि मोठ्या छिद्रांची आहे, ही खोट. त्यावर खडबडीत रबरी जाळी अंथरली नाही तर पिल्लांचे पाय फाकतात.

२०व्या दिवसाच्या सुमाराला जाड टोकाकडे कवचावर चांदणीसारखा उंचवटा येतो, त्याच्या मध्यावर एक टवका उडतो. आणि मग काहीच होत नाही. सहा तास, बारा तास, कधी चोवीस. बघणाऱ्याला वाटतं पिल्लू गेलं. प्रत्यक्षात आत पडद्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाकडे ओढलं जात असतं आणि बलक पोटात शिरत असतो. या वेळी कवच सोललंत तर रक्त येतं. नुसतं झाकण उघडलंत तरी दमट हवा निघून जाते आणि बाकीच्या टोचलेल्या अंड्यांमधला पडदा वाळून पिल्लाला आवळतो. पुढचं काम भराभर होतं: पिल्लू गोल फिरत कवचाची टोपी कापतं आणि चिंब, दोऱ्यांसारखी पिसं घेऊन बाहेर पडतं. सुकेपर्यंत आत राहू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस बिनघोर काढतं.

झाकणावर मात्र याच वेळी वाफ धरते आणि आतलं दिसेनासं होतं. मग माणूस ‘एकदाच’ म्हणून उघडतो. झाकणाच्या आत वाफ पुसायची सोय कोणीच दिलेली नाही. मोबाइलचा उजेड तिरका धरला तर थोडंफार दिसतं.

वीज जाते तिथे १२ व्होल्टच्या बॅटरीची जोडणी असलेलाच प्रकार घ्यावा. तो नसेल तर पेटीभोवती गोधडी, भोकं उघडी. शेवटच्या आठवड्यात गर्भाची स्वतःची ऊब असते, तेव्हा घट्ट गुंडाळणंच नडतं.

२३व्या दिवसापर्यंत टोचा न पडलेली अंडी काढून टाका आणि पेटी लगेच धुवा. तळ सहज निघतो. पंख्याची जाळी मात्र स्क्रू काढल्याशिवाय सुटत नाही, आणि पिल्लांच्या पिसांचा भुगा नेमका तिथेच बसतो. तो तसाच राहिला तर पुढच्या खेपेला पंखा मंदावतो आणि कोपऱ्यांतलं तापमान आणखी खाली जातं.