आठ गावांची जाहिरात, चार गावांची सहल आणि एक कोरडी नदी

मेक्सिकोच्या वायव्येला असलेल्या सोनोरा राज्यात याकी या मूलनिवासी लोकांची आठ पारंपरिक गावे आहेत आणि ती दाखवण्यासाठी सिउदाद ओब्रेगोन शहरातून एक खासगी सेवा दिवसभराची सहल काढते. मार्च महिन्यात आम्ही चौघांनी ती केली. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणारी तक्रार कदाचित आम्हाला मिळालेल्या त्या एका दिवसापुरतीच असेल. मात्र याकींचा इतिहास समजून घेण्यासाठी तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याला या सहलीत काय मिळते आणि काय निसटते, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी मार्गदर्शकांविषयी लिहायला हवे. ते स्वतः याकी, पोताम गावचे, पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ होते. गाडी सुरू होताच त्यांनी आपल्या लोकांचे स्वतःसाठीचे नाव ‘योएमे’ असल्याचे सांगितले आणि बाहेरच्या मेक्सिकन माणसाला ‘योरी’ म्हणतात, हेही हसत हसत सांगून टाकले. त्यानंतर त्यांनी आम्हाला शहराच्या नावाकडे पाहायला लावले. शहर आल्वारो ओब्रेगोन या सेनानीच्या नावाचे आणि ते ज्या नगरपालिका क्षेत्रात येते, ते मात्र काहेमे या याकी पुढाऱ्याच्या नावाचे. ओब्रेगोनच्या क्रांतिसेनेत याकी तुकड्या लढल्या, जमीन परत मिळेल या आशेवर लढल्या, आणि 1926 मध्ये त्याच याकींनी विकाम या आपल्या गावी त्याची आगगाडी अडवल्यावर सरकारने बाकातेते डोंगरात सैन्याबरोबर विमानेही पाठवली. काहेमे हा त्याआधीच्या पिढीचा. मेक्सिकन सैन्यात वाढलेला आणि याकींना ताब्यात ठेवील या भरवशावर 1874 मध्ये राज्यपालाने त्यांच्यावर नेमलेला. त्याने उलट गावांचा कारभार आपल्या लोकांच्या हाती ठेवला, कर बसवले, सामायिक कोठारे भरली आणि दहाएक वर्षे ते जवळजवळ स्वतंत्र राज्यच चालवले. 1887 मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या नावाचा अर्थ ‘पाणी प्यायला न थांबणारा’ असा सांगतात. तो अर्थ सांगून मार्गदर्शक थोडा वेळ गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचे कारण आम्हाला संध्याकाळी समजले.

पहिला थांबा कोकोरित. देखण्या, रंगवलेल्या घरांचे हे गाव आठांपैकी एक असले, तरी आज तिथे मुख्यतः योरी राहतात आणि कोकोरितचे पारंपरिक याकी पंच लोमा दे ग्वामुचिल या वस्तीतून कारभार पाहतात. बाकुमचीही तीच गत झाली असून त्याचे पंच लोमा दे बाकुममध्ये बसतात. चौकातल्या झाडाखाली उभे राहून मार्गदर्शकांनी 1533 सालची गोष्ट सांगितली: दिएगो दे गुझमानच्या स्पॅनिश तुकडीसमोर एका वृद्ध याकीने जमिनीवर रेघ ओढली आणि ती ओलांडणारा मरेल असे बजावले. गोष्ट सांगताना त्यांनी बुटाच्या टोकाने खरोखरच धुळीत रेघ ओढली. एरवी असली नाटके मला आवडत नाहीत. इथे मात्र ती शोभली, कारण लगेच त्यांनी ती रेघ काळाबरोबर कशी सरकत गेली, हे मुद्देसूद सांगितले. सतराव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश कॅप्टन उर्दाइदेला याकींनी लढाईत पिटाळले आणि जिंकल्यावर, 1610 मध्ये, स्वतःच तह केला. पुढे 1617 मध्ये आंद्रेस पेरेस दे रिबास आणि तोमास बासिलिओ हे दोन जेझुइट पाद्री आले, तेही याकींनी बोलावले म्हणून. नदीकाठच्या सुमारे 80 लहान वस्त्या एकत्र होऊन ही आठ गावे त्यांच्याच काळात वसली. एका पराभूत जमातीवर लादलेला धर्म, असे जे सोपे चित्र आपल्या डोक्यात असते, ते इथे पहिल्याच तासात मोडते, आणि याचे श्रेय मी निःसंकोच मार्गदर्शकांना देतो.

बाकुमला आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, ही माझी पहिली तक्रार. 1868 मध्ये याच गावच्या चर्चमध्ये कोंडलेल्या शेकडो याकी कैद्यांवर सैन्याने तोफा डागल्या आणि त्यात शंभराहून अधिक माणसे मेली. असे ठिकाण वीस मिनिटांत उरकायचे नसते. उलट दुपारच्या जेवणाला दीड तास! जेवण उत्तम होते, हे कबूल करायलाच हवे. वाकाबाकी, म्हणजे गोमांस, काबुली चणे आणि भाज्या घालून मोठ्या पातेल्यात तासन्‌तास उकळलेला सणासुदीचा रस्सा, आणि सोबत पातळ मोठ्या गव्हाच्या पोळ्या. पण इतिहास पाहायला आलेल्या माणसाचा दिवस पंगतीत घालवणे मला पटले नाही.

जेवणानंतरचा भाग या सहलीतला सर्वांत मोलाचा ठरला. अंगणात बसून मार्गदर्शकांनी पिशवीतून ‘तेनाबारी’ काढल्या. हरिणनृत्यात आणि पास्कोला या विधिनर्तकांच्या नाचात पायांना गुंडाळायच्या या माळा पतंगाच्या रिकाम्या कोशांच्या असतात आणि प्रत्येक कोशात बारीक खडे भरून तो शिवलेला असतो. मी एक कोश बोटांत धरून पाहिला. वाळक्या पानाइतका हलका, आणि हलवल्यावर कोरड्या गवतातून जनावर गेल्यासारखा आवाज. हरिणाची गाणी ‘सेआ आनिआ’ म्हणजे फुलांच्या जगातून येतात, अशी श्रद्धा आहे. स्टॉकहोमच्या संग्रहालयात अनेक दशके राहिलेले हरिणशीर, ‘माआसो कोवा’, 2023 मध्ये याकींकडे परत आले, हे सांगताना त्यांच्या आवाजात जो बदल झाला, तो कोणत्याही छापील पत्रकात उतरला नसता.

परतीच्या रस्त्यावर ईस्टरपूर्व उपवासकाळातले मुखवटाधारी ‘चापायेका’ दिसले, तेव्हा आम्हाला कॅमेरे आणि फोन पिशवीत ठेवायला सांगण्यात आले. विधींचे चित्रण चालत नाही, याची कल्पना आरक्षणाच्या वेळीच दिलेली होती. हे मला फार आवडले. मुखवट्याआड चापायेका क्रूस तोंडात धरतात आणि पवित्र शनिवारी ते मुखवटे जाळले जातात, एवढी माहिती मिळाली. त्यापलीकडे विचारू नये, हेही सौम्यपणे सुचवले गेले.

छापील पत्रकाबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. त्यात लढायांची यादी आहे, वीरांची चित्रे आहेत. हद्दपारीसाठी एकच ओळ आहे. बाकातेतेतल्या मासोकोबा इथे जानेवारी 1900 मध्ये सुमारे 400 याकी मारले गेले, त्यानंतर पुढच्या दहा वर्षांत पोर्फिरिओ दियाझच्या राजवटीने हजारो माणसे पकडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर पाठवली. ग्वायमासहून जहाजाने सान ब्लास, तिथून डोंगर ओलांडत पायी, मग आगगाडीने वेराक्रुस आणि पुन्हा जहाजाने प्रोग्रेसो, असा तो प्रवास होता. वाटेत नवरा-बायको आणि मुले वेगवेगळी केली गेली. जे निसटले त्यांतले अनेक सरहद्द ओलांडून अ‍ॅरिझोनात गेले. तिथल्या पास्क्वा याकी जमातीला अमेरिकेच्या संघराज्य सरकारने 1978 मध्ये मान्यता दिली. हे सगळे मार्गदर्शकांनी तोंडी सांगितले, आणि त्यांच्या आजीच्या आईची बहीण परत आलीच नाही, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितले. छापील मजकूर अशा माणसाच्या ज्ञानाला साजेसा असायला हवा होता.

सर्वांत मोठी तक्रार नदीची. या साऱ्या लढाया ज्या पाण्यासाठी आणि गाळाच्या जमिनीसाठी झाल्या, ती याकी नदी सहलीत शेवटच्या वीस मिनिटांसाठी आली, तीही ऊन उतरल्यावर. 1890 मध्ये कालव्यांची आणि जमिनीची सवलत एका खासगी उद्योजकाला मिळाली, तेव्हापासून हे पाणी दक्षिणेकडच्या शेतांकडे वळू लागले. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या 1940 च्या फर्मानाने याकींना सुमारे 4,85,000 हेक्टर प्रदेश आणि आंगोस्तुरा धरणातल्या साठ्यापैकी निम्म्या पाण्याचा हक्क दिला. बाकुम आणि कोकोरित मात्र त्या हद्दीबाहेर राहिली. मग 1952 मध्ये ओविआचिक धरण झाले आणि खालच्या गावांतून वाहणारी नदी थांबली. आम्ही उभे होतो ते पात्र म्हणजे वाळू, काटेरी झुडपे आणि टायरांचे ठसे. पलीकडे, कालव्याच्या बाजूला, क्षितिजापर्यंत हिरवा गहू. याच खोऱ्यात कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हाचे प्रयोग केले आणि ‘सोनोरा 64’ हे वाण पुढे भारताच्या शेतांत पोहोचले. आपण हरितक्रांतीची ती गोष्ट शाळेत शिकतो, पण त्या गव्हाने कोणाचे पाणी प्यायले हे तिथे उभे राहीपर्यंत माझ्या मनात कधी आले नव्हते. एर्मोसियो शहराकडे पाणी नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध याकींनी विकामजवळ महामार्ग रोखला होता आणि सरकारने 2021 मध्ये जाहीर माफी मागितली, हे मार्गदर्शक सांगू लागले, तोवर चालकाने गाडी सुरू केली.

जाहिरातीत आठ गावे होती. आम्ही पाहिली कोकोरित, बाकुम, विकाम आणि पोताम. तोरिम, राहुम, उइरिविस आणि बेलेम ही नुसती नकाशावर दाखवली गेली. विचारल्यावर रस्ते लांबचे आहेत, असे उत्तर मिळाले; ते खरे असेलही, पण मग जाहिरात बदलावी. गाडी स्वच्छ होती, वेळ पाळली गेली, स्पॅनिश न येणाऱ्यांसाठी इंग्रजी भाषांतर ठीक होते. पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यांतले तीन एकट्या मार्गदर्शकांचे. पुन्हा गेलो तर आरक्षण करतानाच सांगेन की सकाळ नदीपात्रात घालवायची आहे, जेवण अर्ध्या तासात आटोपायचे आहे, आणि बरोबर पोतामचे तेच गृहस्थ हवे आहेत.