सेकंडहँड डिझेल गाडी, चौदा महिन्यांनंतर: रनिंग मोजलं, पण चुकीचं

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं कंपनीवर घसरतं आणि मला इंधनाबद्दल लिहायचंय. २०२१चं मॉडेल, बीएस सिक्स (म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतली), चार मीटरच्या आतली डिझेल. घेतली तेव्हा मीटर ४१ हजारांवर होता. तेच मॉडेल, तेच वर्ष, पेट्रोलमध्ये ७० हजारांनी स्वस्त मिळत होतं. माझ्या भावोजींनी त्याच सुमारास नाशिकला तीच पेट्रोल घेतली, त्यामुळे तुलनेला सोय झाली.

माझा हिशेब तेव्हा असा होता. पेट्रोल १०४च्या आसपास, डिझेल ९१च्या आसपास. पेट्रोलला १४चं अ‍ॅव्हरेज धरलं, डिझेलला १९चं, म्हणजे किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. महिन्याला हजार किलोमीटर होतातच. सर्व्हिसिंगचा जास्तीचा खर्च वजा केला तरी पावणेतीन वर्षांत वरचे ७० हजार सुटतात. २०१२च्या सुमारास दोन्ही इंधनांत लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, तेव्हा एवढं डोकं लावायचीही गरज नव्हती. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि ती मजा संपली, पण आमच्या घरात 'डिझेल म्हणजे बचत' हे अजून पक्कं आहे. वडील तर पेट्रोलचं नाव काढू देत नव्हते.

गाडी बघायला गेलो तेव्हा ओळखीच्या मिस्त्रींना सोबत नेलं होतं. त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. "मालकांनी आपल्याआधीच गाडी चालू करून ठेवलीय, उद्या सकाळी येऊ," म्हणाले आणि खरंच परत निघाले. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनला स्टार्टर मारला, एका झटक्यात चालू. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून मला दाखवलं. बोट स्वच्छ. जुन्या डिझेलमध्ये काळं बोट निघणारच, पण बीएस सिक्सला धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. तिथे बोट काळं निघालं तर जाळी फुटलीय किंवा कुणीतरी काढून टाकलीय असं समजायचं. हे मला माहीतच नव्हतं.

स्वस्तातल्या डीएल पासिंगच्या, म्हणजे दिल्लीत नोंदलेल्या, दोन डिझेल गाड्याही पाहिल्या. दिल्लीत २०१५च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशानंतर आणि २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या अडकल्या, म्हणून त्या इकडे येत होत्या. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई विरघळते. सोडून दिल्या.

पहिले सहा महिने मी खूश होतो. पुण्याहून चिपळूणला जाताना उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, एसी चालू, आणि गाडी तिसऱ्यावर काही न बोलता चढते. भावोजींची पेट्रोल त्याच घाटात दुसऱ्यावर टाकावी लागते आणि ताई एसी बंद करायला सांगते. त्या रस्त्यावर मला २२चं अ‍ॅव्हरेज मिळालंय.

पण गावाला जाणं दोन महिन्यांतून एकदा. बाकी रोजचं काय, तर धायरीहून मुलीची शाळा आणि पुढे ऑफिस. सिंहगड रोडवर नऊ किलोमीटरला पाऊण तास. इंजिन धड तापायच्या आत गाडी पार्किंगमध्ये.

सातव्या महिन्यात, भर पावसाळ्यात, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. डीपीएफ भरला. ही जाळी साठलेली काजळी स्वतःच जाळते, पण त्यासाठी गाडी चांगली तापून सलग पंधरा-वीस मिनिटं वेगात चालावी लागते. गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, हायवेला काढा, चौथ्यावर ठेवा, आरपीएम दोन हजारांच्या खाली येऊ देऊ नका. रात्री साडेनऊला मी आणि बायको काम नसताना साताऱ्याच्या दिशेने निघालो. खेड शिवापूरचा टोल भरला, नसरापूर गेलं, तेव्हा कुठे दिवा विझला. "कुत्र्याला फिरवतात तसं गाडीला फिरवायचं का आता?" बायको म्हणाली. महिन्यातून दोन रविवार खरंच तेच करतो.

एवढ्यावर थांबलं नाही. काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल मारलं जातं आणि ते जाळणं अर्धवट तुटलं की त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. एकदा डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्याही वर गेलेलं, पातळ, वास डिझेलचा. चौदा महिन्यांत दोन वेळा जास्तीचं ऑइल बदललं, नऊ हजार. एकदा दिवा हायवेलाही विझेना, तेव्हा स्कॅनर लावून जाळी साफ करून घेतली, साडेतीन हजार. नेहमीच्या सर्व्हिसिंगचे भावोजींपेक्षा चार हजार जास्त.

आता खरे आकडे. चौदा महिन्यांत १३,२०० किलोमीटर. सगळं मिळून अ‍ॅव्हरेज साडेसोळा. भावोजींचं साडेतेरा. त्यांचीही कुरकुर आहेच, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं म्हणतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, तेव्हा थोडं पडणारच. इंधनात माझे २८ हजारांच्या वर वाचले, त्यातले साडेसोळा हजार वर सांगितलेल्या भानगडींत गेले. राहिले बारा हजार. या चालीने ७० हजार सुटायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतील.

महिन्याचे किलोमीटर मी बरोबरच धरले होते. पण हजार किलोमीटर दोन फेऱ्यांत होतात की शंभर फेऱ्यांत, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आज कुणी माझ्यासारखं रोजचं शाळा-ऑफिस सांगितलं तर मी पेट्रोल घे म्हणेन, महिन्याचं रनिंग बाराशे असलं तरी. आधीच्या नियमांतल्या, बीएस फोरच्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांना ही जाळी नाही, पण त्या आता जुन्या झाल्या, क्लच आणि इंजेक्टरचं काम कधी निघेल सांगता येत नाही.

भावोजींना मागच्या महिन्यापासून दर आठवड्याला नाशिक-संभाजीनगर करावं लागतंय. परवा फोनवर ते पेट्रोलच्या बिलाचं रडगाणं गात होते आणि मी पिवळ्या दिव्याचं. शेवटी ठरलं की दिवाळीनंतर एक महिना गाड्या बदलून पाहायच्या. ताईने लगेच ऐकवलं, "फास्टॅगचे पैसे तुझ्या खात्यातून जातील, तेवढं आधी बघ."