भिंतीवर कोणती शर्यत: जेरिकोची की देगाची?

घोड्यांच्या शर्यतीचं एकच चित्र लावायचं ठरलं, की फिरून फिरून गाडी दोन नावांपाशी येते. एक फ्रेंच चित्रकार जेरिकोचं ‘एप्समची डर्बी’, म्हणजे इंग्लंडमधल्या शर्यतीचं, 1821 सालचं. दुसरं देगा या फ्रेंच चित्रकाराचं, प्रेक्षकसज्ज्यासमोरून संथ चालीनं निघालेले घोडे, 1866 ते 1868 च्या दरम्यानचं. मूळ चित्रं दोन्ही पॅरिसमध्येच, पहिलं लूव्रमध्ये, दुसरं ओर्से संग्रहालयात. दोन्हींच्या प्रती माझ्याकडे आहेत आणि बैठकीच्या खोलीतल्या एकाच खिळ्यावर पाळीपाळीनं राहून गेल्यात. तेव्हा हे मत रोज समोर बसणाऱ्याचं आहे, एवढं धरून वाचा.

बाकीच्यांचं थोडक्यात. इंग्रज चित्रकार स्टब्जचा ‘व्हिसलजॅकेट’ घोडा देखणा, पण त्यात शर्यत नाही, आणि मूळ चित्र जवळजवळ 3 मीटर उंच; हातभर कागदावर त्याचा सगळा तोरा उतरतो. माने या फ्रेंच चित्रकाराच्या, पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावरच्या शर्यतीच्या चित्रात घोडे थेट आपल्या अंगावर येतात, फार आवडतं मला ते, पण चित्राची रुंदी उंचीच्या जवळपास दुप्पट आणि माझी भिंत दोन दारांमधली. तुलूझ-लोत्रेकचा 1899 चा ‘जॉकी’ मुळातच छापण्यासाठी केलेला शिळाछाप, त्यामुळे ‘प्रतच घेतली ना’ ही रुखरुख राहत नाही. मात्र त्यात घोड्याचा मागचा भाग एवढा पुढ्यात येतो, की जेवणाच्या टेबलासमोर लावताना मी कचरलो.

आता जेरिको. पहिल्या नजरेत तोच जिंकतो, हे कबूल. काळवंडलेलं आभाळ, खाली गवत, आणि जमिनीला न शिवता निघालेले चार घोडे. गर्दी नाही, सज्जा नाही, नुसता वेग. हा माणूस स्वतः घोडेवेडा. घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतींनी त्याची तब्येत ढासळली आणि 1824 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेला. घोडा त्याला कळत नव्हता असं कुणीच म्हणणार नाही. तरी चारही घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले आहेत. खरा घोडा असा धावत नाही. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला 12 कॅमेरे ओळीनं मांडून फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झाल्याचा असतो, फाकल्याचा नव्हे. त्याआधीच्या शर्यतींच्या रंगीत इंग्रजी छापांतही हेच ताणलेले पाय सर्रास दिसतात.

हे मला चित्र घेण्याआधीच ठाऊक होतं आणि मी ते माफही केलं होतं. रोदँसारख्या शिल्पकारानं तर याच चित्राची बाजू घेतली: फोटो क्षण गोठवतो, चित्रकार मात्र आधीचा आणि नंतरचा क्षण एकत्र दाखवतो, असा त्याचा मुद्दा. मला तो पटतो. माझी तक्रार पायांबद्दल नाहीच.

झालं असं, की एके दिवशी भाचा चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, हे पोटावर घसरतायत का?” आणि लगेच फरशीवर पालथा पडून त्यानं हातपाय ताणून दाखवलं. मी हसलो आणि त्याला मायब्रिज सांगितला. मग जो येईल त्याला सांगू लागलो. कुणी नुसतं “वा, छान!” म्हटलं तरी माझं बोट पायांकडे वळायचं. वर्षभरात ते चित्र राहिलं नाही, शिकवणीचा तक्ता झाला. बायको पाहुण्यांना आधीच सांगायची, “त्या भिंतीकडे पाहू नका, अर्धा तास जाईल.” एका रविवारी एकटाच बसलो असताना मनातल्या मनात तेच व्याख्यान सुरू झालं, तेव्हा उठून फ्रेम उतरवली.

त्या खिळ्यावर देगा आला. पहिला महिना मला तो फिकाच वाटला, हे लपवत नाही. शर्यत सुरूच झालेली नाही. घोडे चालतायत, स्वार बहुतेक पाठमोरे, डावीकडे छत्र्या घेतलेले प्रेक्षक, दूर कारखान्यांची धुराडी. पाहुणे विचारतात, “यात शर्यत कुठाय?” पण जमिनीवर पडलेल्या घोड्यांच्या लांब सावल्या पाहा. सगळी घाई त्या सावल्यांत आहे. आणि मागे, अगदी नखाएवढा, एक घोडा बिथरून उधळलाय. तो मला तीनेक आठवड्यांनी दिसला. आता रोज नजर आधी तिथे जाते, आणि त्याबद्दल मी कुणाला काही सांगत नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

छपाईच्या दृष्टीनंही देगा सोयीचा पडला. मूळ चित्र 46 × 61 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास खऱ्या मापाची प्रत घरात मावते. जेरिकोचं मूळ त्याच्या साधारण दुप्पट लांब-रुंद, ते आक्रसावंच लागतं. शिवाय जेरिकोचं आभाळ काचेमागे आरशासारखं वागतं. संध्याकाळी दिवा लावला की ढगांच्या जागी मीच दिसायचो. देगाचं फिकं आभाळ असं करत नाही. उलट पांढऱ्या भिंतीवर तो विरघळून जातो, त्याला गडद चौकट लागतेच.

खोलीत शिरताक्षणी दणका हवा असेल, किंवा चित्र येता-जाताच पाहायचं असेल, तर जेरिको घ्यायला माझी हरकत नाही. माझा आता बोळात आहे, तिथे कुणी थांबत नाही, त्यामुळे माझंही तोंड बंद राहतं. रोज बसून पाहायचं असेल तर मी देगाकडे थोडा झुकेन. फक्त मागवण्याआधी प्रतीच्या कडा बघून घ्या. फ्रेमच्या मापात बसवायला काही छापणारे डावीकडची बाजू छाटतात, मग छत्र्या जातात आणि घोडे उगाचच मोकळ्या माळावर निघाल्यासारखे दिसतात. माझी पहिली प्रत तशीच आली होती, ती परत पाठवली.