उद्यमबागेतल्या माणसानं बघितलेली फेयेटची भट्टी

चौतीस वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात क्युपोलासमोर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीसमोर, उभा होतो. त्यामुळं पोरगा म्हणाला, ‘बाबा, तळ्याकाठची जुनी भट्टी दाखवतो,’ तेव्हा मी फार काही धरलं नव्हतं. बेळगावकराला तळं म्हटलं की किल्ला तलावच आठवतो. हे निघालं अमेरिकेतलं मिशिगन सरोवर. त्याच्या नुसत्या एका खाडीलासुद्धा लाटा!

जॅक्सन आयर्न कंपनीनं 1867 साली या सरोवराकाठच्या फेयेट गावात लोखंडाची भट्टी सुरू केली आणि 1891 साली बंद केली. तेवढ्यात दोन भट्ट्यांतून 2,29,288 टन कच्चं लोखंड निघालं. पाटीवरचा आकडा मी पोराकडून दोनदा वाचून घेतला.

भट्टी तिथंच का, ते बंदरावर उभं राहिलं की कळतं. चुनखडी समोरच्या पांढऱ्या कड्यातली, लाकडी कोळसा मागच्या मेपल-बीचच्या रानातला. खनिज तेवढं निगॉनीच्या खाणीतून रेल्वेनं एस्कानाबा बंदराला, तिथून बोटीनं. तयार मालही बोटीनंच जायचा. आम्ही कोकच्या (दगडी कोळशापासून केलेल्या इंधनाच्या) ट्रकची वाट बघत दिवस काढलेत, त्यामुळं जरा पोटात दुखलंच म्हणा की. पण शेवटी रान संपत आलं आणि कोकवरचं लोखंड स्वस्त पडायला लागलं.

दगडी भट्ट्यांपाशी मी तासभर रेंगाळलो. वितळलेलं लोखंड वाळूतल्या मोठ्या चरातून दोन्ही बाजूंच्या लहान साच्यांत जायचं. डुकरिणीला पिलं लुचावीत तसं दिसायचं, म्हणून त्याला ‘पिग’ म्हणतात. सूनबाईला हे माहीत नव्हतं. माझा भाव वाढला. हॉटेल, ऑफिस, ऑपेरा हाउस तिनं सावकाश बघितलं, मी भराभर. आधी माहिती केंद्रातलं गावाचं छोटं मॉडेल मात्र बघा, मग पडक्या भिंती ओळखू येतात.

मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत इमारती आतून बघता येतात. गाडीला पास लागतो. जेवण बरोबर न्या. आम्ही चपात्या नि शेंगदाण्याची चटणी नेली होती, वाऱ्यानं चटणी निम्मी उडाली.

काठावर जुन्या स्लॅगचे, म्हणजे भट्टीतल्या मळीचे, तुकडे पडलेत, काचेसारखे निळे-हिरवे. आमच्याकडं हाच माल खड्ड्यात टाकतात. एक उचलून खिशात घालणार, तोच पोरगा ओरडला, ‘बाबा, इथनं काही न्यायचं नसतंय!’ ठेवला परत. जागेला पाचपैकी पाच.