सहा महिने ग्लुकोज सेन्सर: आकडे सतत दिसू लागले की मनाचं काय होतं

दंडावर लावायचा 14 दिवसांचा सेन्सर, साखरेचा आकडा (mg/dL मध्ये) सतत मोबाईलवर दाखवणारा; सहा महिन्यांत 13 लागले. इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, एवढ्यापुरतंच लिहितोय.

सगळ्यात मोठा दिलासा रात्रीचा. झोपेत साखर उतरेल या धास्तीने बिस्किटं खाऊन झोपणं सुटतं. खालचा अलार्म (साखर ठरलेल्या आकड्याखाली गेली की वाजणारा) 70 ऐवजी 80 वर ठेवा, उठून काही घ्यायला वेळ मिळतो. मात्र सेन्सरच्याच कुशीवर झोपलं की दंड दबतो आणि सेन्सर खोटाच 55 दाखवतो. घरचे घाबरून साखर भरवतात, सकाळी 280. कूस बदला, बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. घाम आणि थरथर असेल तर मात्र आधी 15 ग्रॅम ग्लुकोज, मोजणं नंतर.

खरा त्रास वरच्या अलार्मचा. 180 वर ठेवला तर तर्री पोह्यांनंतर तो वाजणारच, आणि दर वेळी आपलंच चुकलं असं वाटत राहतं. मग दर दहा मिनिटांनी मोबाईल, आणि वरून इन्सुलिनचे दोन युनिट जास्तीचे. जेवणाच्या इन्सुलिनचा असर तीन-चार तास राहतो, सेन्सरही रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो. डोसवर डोस चढतो आणि दुपारी हातपाय कापायला लागतात. डॉक्टरांना विचारून हा अलार्म 250 वर न्या. बहुतेक प्रौढांना 70 ते 180 मध्ये दिवसाचा 70 टक्के वेळ पुरतो. म्हणजे सात तास बाहेर गेले तरी नापास नाही, फक्त त्यात 70 च्या खालचा वेळ तासाभराच्या आत हवा. हे कोणी आधी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

घरच्यांच्या मोबाईलवर फक्त खालचा अलार्म जाऊ द्या. सगळे आकडे दिसले की “काय खाल्लंस?” सुरू होतं आणि माणूस चोरून खायला लागतो.

नागपूरचा मे वेगळाच. 45 अंशांत, कूलरच्या दमट हवेत सेन्सरची चिकटपट्टी सहाव्या दिवशीच सुटते. स्पिरिटने पुसून जागा पूर्ण वाळू द्या, तेल-पावडर नको. नवे सेन्सर गाडीच्या डिकीत ठेवू नका.

सेन्सर लावण्याआधी आणि तीन महिन्यांनी ‘पेड’ (PAID) ही मधुमेहाचा मनावरचा ताण मोजणारी प्रश्नावली भरा: 20 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4, बेरजेला 1.25 ने गुणायचं. 40 किंवा वर आले तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) चांगलं असलं तरी. मध्येच मन फार खचलं तर टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलता येतं.