गोणीवरचा मेथिओनिनचा आकडा: अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठीच्या एका कॉन्सन्ट्रेटचे परीक्षण

लेयरचे, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचे, खाद्य घेताना बहुतेक कुक्कुटपालक गोणीवरचा कच्च्या प्रथिनांचा आकडा आधी पाहतात आणि १६ टक्क्यांपेक्षा १८ टक्के बरे, असे धरून चालतात. हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे घरी मका वगैरे मिसळून पूर्ण खाद्य बनवायचे तीव्र मिश्रण, मी निवडले ते मात्र त्याच्याखालच्या दोन ओळींमुळे. प्रथिने ३० टक्के एवढे सांगून लेबल थांबत नाही, लायसिन १.७ टक्के आणि मेथिओनिन ०.८ टक्के असेही ते स्वतंत्रपणे सांगते. ही दोन अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक. मिश्रणाची शिफारस ४० किलो कॉन्सन्ट्रेट, ५० किलो मका आणि १० किलो शिंपल्यांचा चुरा अशी आहे. आधीचे तयार खाद्य १८ टक्के प्रथिनांचे होते, पण त्याच्या गोणीवर अमिनो आम्लांचा उल्लेखही नव्हता.

कच्च्या प्रथिनांचा आकडा फसवा असतो, कारण त्यात प्रथिने थेट मोजलेलीच नसतात. नमुन्यातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. त्यामुळे ४६ टक्के नायट्रोजनचा युरिया या हिशेबाने २८७ टक्के प्रथिनांचा ठरतो, आणि कोंबडीच्या ते काडीच्याही कामाचे नसते. भेसळीची गोष्ट सोडली तरी शेंगदाणा पेंडीत सोया पेंडीइतकीच प्रथिने भरतात, लायसिन मात्र निम्म्याच्या आसपास असते. तीळ पेंडीत मेथिओनिन चांगले, पण लायसिन कमी. मका आणि सोया पेंडीवर आधारलेल्या खाद्यात सर्वांत आधी मेथिओनिन कमी पडते, आणि ते कमी पडले की बाकीची अमिनो आम्ले कितीही असली तरी अंड्यात न जाता त्यांचा नायट्रोजन यूरिक आम्ल होऊन विष्ठेतून बाहेर पडतो. शेडमध्ये डोळे चुरचुरवणारा अमोनिया बऱ्याच अंशी याच वाया गेलेल्या प्रथिनांपासून तयार होतो.

आता लेबलवरचे आकडे मिश्रणात उतरवून पाहू. मक्यात साधारण ८.५ टक्के प्रथिने, ०.२५ टक्के लायसिन आणि ०.१८ टक्के मेथिओनिन धरले, तर तयार खाद्यात प्रथिने सुमारे १६.२५ टक्के, लायसिन ०.८ टक्के आणि मेथिओनिन ०.४१ टक्के येते. रोज ११० ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला त्यातून सुमारे ४५० मिलिग्रॅम मेथिओनिन आणि ८८० मिलिग्रॅम लायसिन मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या तक्त्यात पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीची रोजची गरज ३०० मिलिग्रॅम मेथिओनिन आणि ६९० मिलिग्रॅम लायसिन अशी दिली आहे. आजच्या जास्त अंडी देणाऱ्या जातींना त्याहून अधिक लागते, म्हणून वरची ही शिल्लक चैनीची नाही, गरजेची आहे. प्रथिने पावणेदोन टक्क्यांनी कमी असूनही हे मिश्रण आधीच्या खाद्यापुढे उणे पडले नाही, त्याचे कारण या हिशेबात आहे.

अंड्यांची संख्या होती तेवढीच राहिली. वजन मात्र थोडे वाढले आणि ग्रेडिंगच्या वेळी लहान अंड्यांचे ट्रे कमी भरू लागले, जे मेथिओनिन पुरेसे मिळाल्यावर अपेक्षितच असते. लिटर, म्हणजे शेडच्या जमिनीवर पसरलेला भुसा, आधीपेक्षा कोरडे राहते, कारण जादा नायट्रोजन बाहेर टाकण्यासाठी पक्षी जास्त पाणी पितो आणि ते शेवटी लिटरमध्येच येते. पिसे कुरतडण्याच्या सवयीत म्हणावा असा फरक दिसला नाही. तिला गर्दी, प्रकाश अशी इतरही कारणे असतात, तेव्हा हा दोष कॉन्सन्ट्रेटच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

माल हातात घेतल्यावर सोया पेंडीचा फिकट पिवळसर रंग दिसतो. पेंड जास्त भाजली गेली असती तर ती तपकिरी दिसली असती, आणि अशा पेंडीतले लायसिन साखरेशी बांधले जाऊन पक्ष्याला पचत नाही. कच्ची राहिली तर प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला रोखणारे घटक शिल्लक राहतात. मेथिओनिनचा तो गंधकासारखा उग्र वास गोणी उघडताच येतो. मात्र दळण फार बारीक आहे. कोंबड्या मक्याचे जाड कण आधी टिपतात आणि खाद्यपात्राच्या तळाशी करडी पूड साचते, ज्या पुडीत नेमकी कृत्रिम अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे असतात. मका थोडा बारीक भरडून घेतला आणि दिवसातून एकदा पात्र रिकामे होऊ दिले, तर हा त्रास बराच कमी होतो, पण हे गोणीवर कुठेही लिहिलेले नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे सर्व वयांसाठी आणि सर्व ऋतूंसाठी एकच प्रमाण दिले आहे. कडक उन्हात कोंबडीचे खाणे ९५ ग्रॅमवर आले, तर याच मिश्रणातून तिला जेमतेम ३९० मिलिग्रॅम मेथिओनिन आणि ७६० मिलिग्रॅम लायसिन मिळेल. अंडे तेवढेच द्यायचे, तर खाद्यातले प्रमाण वाढवायला हवे. उलट, उत्पादन उतरणीला लागलेल्या जुन्या कोंबड्यांना तेच प्रमाण देणे म्हणजे उधळपट्टी, आणि अंडे फार मोठे झाले की कवच पातळ होऊन फुटीचे प्रमाण वाढते. लेबलवरचे आकडे एकूण अमिनो आम्लांचे आहेत, पचनीय किती ते सांगितलेले नाही. थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि सिस्टिन या इतर अमिनो आम्लांचाही पत्ता नाही, आणि ‘तेलबियांची पेंड’ एवढ्याच शब्दांत घटक उरकले आहेत. सरकी पेंडीतल्या गॉसिपॉल या द्रव्याने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडू शकतो, तेव्हा पेंड कोणती हे कळणे हा खरेदीदाराचा हक्क आहे.

ज्यांच्याकडे खाद्य रोज वजन करून घातले जाते आणि किती संपले याची नोंद राहते, त्यांनी हे कॉन्सन्ट्रेट जरूर घ्यावे. उन्हाळ्यात ते ४० ऐवजी ४३ किलो घेऊन तेवढा मका कमी करावा, शिंपल्यांच्या चुऱ्याला हात लावू नये. नोंद न ठेवणाऱ्यांना मात्र ऋतूप्रमाणे वेगळे मिळणारे तयार खाद्य जास्त सोयीचे पडेल.